व इतर

"वासुदेवाऽऽ! वासुदेवाऽऽ! वासुदेवाऽऽ!"

धाकू पालवांची तिसरी हाक सुटली तशी वर्गाच्या खिडकीत घुमत बसलेली कबुतरं उडाली आणि तालमीला जमलेली मंडळी पोट धरून हसू लागली. दिग्दर्शक श्रीपाद मास्तर तेवढे हसले नाहीत. ते दिवसा ठाण्याच्या याच शाळेत भूगोल शिकवत आणि संध्याकाळी बाकं भिंतीला लावून नाटक बसवत. न हसण्याची सवय त्यांना दोन्हीकडे उपयोगी पडे.

"पालवकाका, एकदाच! हाक एकदाच मारायची," मास्तर म्हणाले. "तुमचा धाकटा भाऊ समोर झोपाळ्यावर बसलाय. आणि तुम्ही बघताय कुठे? डावीकडे! डावीकडे भिंत आहे, काका."

"चुकलो मास्तर," पालवांनी कान पकडला. "तोंडात बसलंय ओ. एक हाक मारली की उरलेल्या दोन मागनं आपसूक येतात."

पालवांची अडचण खरी होती. ठाण्याच्या कोर्टात त्यांनी उभी हयात पट्टेवाला म्हणून काढली होती आणि त्यांचं मुख्य काम पुकारा करण्याचं. खटला निघाला की दाराशी यायचं, डावीकडे वडाखाली पक्षकार बसलेले असत तिकडे तोंड करायचं आणि माणसाचं नाव, बापाचं नाव, आडनाव असं सगळं तीनदा पुकारायचं. तीनदा पुकारूनही माणूस आला नाही तर साहेब त्याच्या गैरहजेरीत काय तो निकाल करून टाकत. त्यामुळे तिसरी हाक ही पालवांच्या लेखी फार जबाबदारीची गोष्ट होती. आपल्या घशापायी कुणाची जमीन जायला नको, म्हणून ती ते सगळ्यांत जोरात मारत. कोर्ट नाक्यावरच्या चहावाल्याला आत कोणता खटला चाललाय हे बसल्या जागी कळे.

पेन्शनीत निघाल्यावर हा आवाज घरात मावेना. चेंदणीच्या चाळीत त्यांनी बायकोकडे पाणी मागितलं की शेजारच्या दोन बिऱ्हाडांतून तांबे येत. रखमाबाई अगदी कावून गेल्या होत्या. अशात श्रीपाद मास्तरांना एका नाटकासाठी पडद्यामागून "आग! आग!" असं ओरडणारा माणूस हवा होता, आणि कुणीतरी पालवांचं नाव सुचवलं. पालवांनी अशी आरोळी ठोकली की मागच्या रांगेतली माणसं चपला शोधू लागली. त्या दिवसापासून मास्तरांच्या हौशी मंडळात पालव कायमचे झाले.

मंडळ हौशी होतं, पण पालव हौशी नव्हते. त्यांना हौस हा शब्दच कळत नसे. त्यांच्या हिशेबी ही दुसरी नोकरी होती आणि ती पहिलीपेक्षा बरी होती, कारण हिच्यात बोलायला मिळत होतं. तालीम सहाची असली की ते साडेपाचला हजर. आपला पोशाख स्वतः धुवून इस्त्री करणार. एकदा रखमाबाईंना ताप आला तेव्हा त्यांनी मास्तरांकडे रीतसर रजा मागितली आणि मास्तरांना ती मंजूर कशी करतात हेच कळेना, कारण तोवर न येणारे लोक नुसते येत नसत.

भूमिका मात्र ठरलेल्या. हवालदार, भालदार, एकदा भूत. पहिल्यांदा हवालदार झाले तेव्हा वाक्य एकच होतं, "वॉरंट आहे साहेब." पालवांनी विचारलं, "मास्तर, हा हवालदार घरनं जेवून निघालाय का?"

मास्तरांना वाटलं, काका चेष्टा करताहेत. पण पालव गंभीर होते. कोर्टात एक म्हातारे न्यायाधीश होते, त्यांची गोष्ट त्यांनी मास्तरांना सांगितली. साक्षीदार पिंजऱ्यात उभा राहून बावचळला की वकील त्याच्या अंगावर ओरडत. साहेब मात्र पेन खाली ठेवत आणि विचारत, "बरं, ते राहू द्या. त्या दिवशी जेवायला काय होतं?" जेवण कोणी विसरत नाही. माणूस भाकरीपासून सुरुवात करी आणि हळूहळू बरोबर बांधावरच्या मारामारीपर्यंत येऊन पोचे.

"म्हणून विचारतो," पालव म्हणाले, "जेवलेला हवालदार वेगळं बोलतो, उपाशी वेगळं."

मास्तरांनी ते ऐकून घेतलं आणि मनात ठेवलं. आणि छप्पन साली 'पडवीतला पाहुणा' हे नवं नाटक बसवायला घेतलं तेव्हा थोरल्या भावाची भूमिका त्यांनी पालवांना दिली.

नाटक साधंच होतं. भांडून घर सोडून गेलेला गोविंद इनामदारांचा थोरला मुलगा म्हातारपणी परत येतो. धाकटा वासुदेव त्याला ओळख देत नाही, पाहुण्यासारखा पडवीत बसवून ठेवतो. शेवटच्या अंकात मात्र वासुदेवाचा बांध फुटतो आणि तो मोठं भाषण करतो: आई रोज तुझं पान मांडायची दादा, ती गेली त्या दिवशी ते पान मी उचललं आणि पुन्हा मांडू दिलं नाही. त्यावर थोरल्याचं एकच वाक्य होतं. "मी वाटा मागायला आलो नाही वासुदेवा, माझं पान मांडलेलं आहे का, तेवढं बघायला आलो." की पडदा.

टाळीचं वाक्य! पालवांच्या आयुष्यातलं पहिलं. ते वाक्य वाचलं त्या रात्री त्यांना झोप लागली नाही, आणि चाळीलाही लागली नाही.

घरी तालीम रखमाबाई घेत. त्यांना वाचता येत नव्हतं, पण पालवांनी दोनदा वाचून दाखवल्यावर सगळं नाटक त्यांना पाठ. सूप मांडीवर घेऊन त्या वासुदेव होत. "'माझ्या घराची पायरी चढायचा तुला अधिकार काय?'" असं अगदी थंडपणे विचारून त्या पुढे म्हणत, "बघा, ह्या तांदळात किती खडे गावले." पालव मात्र खड्यांकडे न बघता आपलं वाक्य म्हणत. शेवटचं वाक्य आलं की रखमाबाईंचे हात सुपातच थांबत.

"ह्या बरा बोलतास," त्या म्हणत. "ह्या आयकाक मी येतलंय."

वासुदेवाच्या भूमिकेसाठी मास्तरांनी कल्याणहून प्रभाकरराव जयवंतांना आणलं, तेव्हा सगळ्या मंडळाचा ऊर भरून आला. प्रभाकरराव जुन्या संगीत कंपनीतले नट. ऐन उमेदीत त्यांनी शालू नेसून रंगभूमी गाजवली होती. कंपनी बुडाली, तेव्हापासून ते कल्याणला पारनाक्यापाशी राहून मुलींना गाणं शिकवत. अजून अंगावर शाल, कानात अत्तराचा फाया आणि बोलणं असं की साधं "पंखा लावा" म्हटलं तरी मंडळी दाद देत. पालव त्यांना रावसाहेब म्हणत. कोर्टात ज्याच्याविषयी आदर वाटे त्याला ते तेच म्हणत असत.

दोन-चार तालमी झाल्या आणि पालवांच्या एक गोष्ट लक्षात आली. प्रभाकरराव पहिले दोन अंक झोकात करत, पण शेवटचं भाषण आलं की काहीतरी निमित्त काढत. आज घसा बसलाय, उद्या दिवा डोळ्यांवर येतोय. एकदा भाषण मध्येच तुटलं, तेव्हा त्यांनी शाल उगाच दोनदा सारखी केली. साक्षीदार असेच टोपी सारखी करत. पालवांना ती खूण पाठ होती.

त्यांनी कुणाला काही सांगितलं नाही. पुढच्या सुट्टीच्या दिवशी ते गाडीने कल्याणला गेले आणि प्रभाकररावांच्या दारात हात जोडून उभे राहिले.

"रावसाहेब, माझं शेवटचं वाक्य काय केल्या जमत नाहीये. तुम्ही जरा माझी तालीम घ्याल काय?"

"तुमचं वाक्य तर एवढंसं आहे, पालव."

"पण ते तुमच्या भाषणावर उभं आहे ना! तुम्ही भाषण म्हणा, मी मागनं माझं बोलतो. असं चार वेळा झालं की बसेल माझ्या डोक्यात."

प्रभाकररावांनी दार पुरतं उघडलं. त्यांना सगळं कळलं होतं, आणि कळलं हे पालवांनाही कळलं. "या, आत या," प्रभाकरराव म्हणाले. "चहा घेता ना?" त्यानंतर पालव आठवड्यातून दोन-तीनदा कल्याणला जाऊ लागले. भाषण चार वेळा, वाक्य चार वेळा. कधी भाषण पूर्ण होई, कधी पान उचलण्यापाशी येऊन थांबे.

एकदा तिथेच अडकून प्रभाकरराव खाली बसले. "आमच्या कल्याणात प्रयोग आहे, पालव," ते म्हणाले. "ज्यांनी मला डोक्यावर घेतलं ती माणसं येणार. त्यांच्यासमोर मी थांबलो ना, तर पुन्हा तोंडाला रंग लावणार नाही."

"मी आहे ना समोर," पालव म्हणाले.

प्रयोगाची हस्तपत्रकं छापून आली तेव्हा पालव एक घरी घेऊन गेले. वर मोठ्या ठसठशीत अक्षरांत प्रभाकररावांचं नाव होतं, त्याखाली मास्तरांचं, त्याखाली दोन-तीन नावं, आणि अगदी तळाला बारीक अक्षरांत 'व इतर'. मास्तर त्यासाठी फार हळहळले होते; मजकूर जुन्या पत्रकावरून उचलला गेला होता आणि नवं छापायला वेळ नव्हता.

रखमाबाईंनी कागद उजेडात धरला. "तुमचा नाव खंय हा?"

पालवांनी तळाशी बोट ठेवलं. "ह्या."

"इतक्याच? प्रभाकररावांचा बघा केवढा मोठा!"

"माझा नावच बारीक," पालव म्हणाले. रखमाबाईंनी तो कागद कुंकवाच्या पेटीखाली जपून ठेवला आणि चाळभर सांगितलं, की ह्यांचं नाव छापून आलंय.

प्रयोग रविवारी दुपारी कल्याणच्या एका शाळेच्या पटांगणात, मंडपाखाली होता. पारनाक्यापासून दूधनाक्यापर्यंतची सगळी जुनी रसिक मंडळी पुढे येऊन बसली होती. प्रभाकररावांना शालूत पाहिलेले म्हातारे आपापल्या सुनांना सांगत होते, की तुम्ही काय पाहिलंय! रखमाबाई चाळीतल्या चार बायकांना घेऊन चौथ्या रांगेत बसल्या होत्या. वेणीत शेवंती माळली होती. "शेवटाक आयका हां," त्यांनी बायकांना बजावून ठेवलं होतं.

तिसऱ्या अंकाआधी मास्तरांनी पालवांना बाजूला घेतलं. "काका, ते अडकतील असं मला वाटतंय. अडकले तर वाट बघू नका. सरळ तुमचं वाक्य घ्या, आम्ही पडदा पाडतो. नाटक तरी पडणार नाही."

पालवांनी मान हलवली. वाक्य जिभेवर तयार होतं.

अंक चढत गेला. प्रभाकरराव झोपाळ्यावरून उठले, थोरल्याकडे पाठ करून उभे राहिले आणि त्यांनी भाषणाला हात घातला. "दादा, तू गेलास. आई उंबऱ्यात बसून राहायची. दिवेलागण झाली तरी बसून राहायची. आणि..."

आणि तिथेच ते थांबले.

आधी लोकांना वाटलं, वा, काय थांबलाय! विंगेत पुस्तक धरून बसलेल्या मंडळातल्या सहदेवने हळूच पुढचे शब्द टाकले. ते प्रभाकररावांना ऐकू गेले नाहीत. त्याने जरा मोठ्याने टाकले, ते पहिल्या रांगेला ऐकू गेले आणि कुणीतरी खुदकन हसलं. प्रभाकररावांनी खांद्यावरचं उपरणं सारखं केलं. पुन्हा एकदा सारखं केलं. विंगेत मास्तर दोन्ही हातांनी पालवांना खुणा करत होते, घ्या, वाक्य घ्या!

पालवांनी तोंड उघडलं. वाक्य घेतलं असतं तर सगळंच निभावलं असतं. टाळी पडली असती, रखमाबाईंनी बायकांना कोपर मारलं असतं. पण समोर पाठमोरा उभा असलेला माणूस त्यानंतर घरी जाऊन अत्तराची कुपी कपाटात ठेवणार होता आणि ती पुन्हा काढणार नव्हता. पालवांना ते बघवेना. आणि मग जे मास्तरांनी दोन महिने ओरडून ओरडून घालवलं होतं, तेच त्यांच्या छातीतून वर आलं.

"वासुदेव गोविंद इनामदारऽऽ!"

मंडप दचकला. प्रभाकरराव गर्रकन वळले.

"वासुदेव गोविंद इनामदारऽऽ! वासुदेव गोविंद इनामदारऽऽ! हाजर होऽऽ!"

पटांगणाबाहेरच्या टांगेवाल्याचा घोडा खिंकाळला. श्रीपाद मास्तरांनी कपाळावर हात मारून घेतला. पालव मात्र दोन पावलं पुढे गेले आणि आवाज एकदम खाली आणून, अगदी मायेने म्हणाले, "बरं, ते राहू दे वासुदेवा. त्या दिवशी जेवायला काय होतं?"

प्रभाकररावांचे डोळे त्यांच्यावर खिळले. ओठ हलले.

"भात," ते म्हणाले. "मऊ भात आणि मेतकूट."

"कोणी वाढला?"

"आईनं. उठवत नव्हतं तिला, तरी तिनं वाढला."

"पानं किती मांडली होती?"

"दोन," प्रभाकरराव म्हणाले, आणि तिथे त्यांना वाट सापडली. "दोन मांडली होती, दादा! एक माझं, एक तुझं. रोज दोनच मांडायची. आणि त्या संध्याकाळी ती गेली, तेव्हा मी ह्या हातांनी तुझं पान उचललं!" पुढचं भाषण पुस्तकातलं होतं आणि नव्हतंही. शब्द तेच होते, पण ते आता मिनतवारीने येत होते, पिंजऱ्यात उभ्या माणसाच्या तोंडून येतात तसे. पुढच्या रांगेतले म्हातारे धोतराच्या सोग्याने डोळे पुसू लागले. प्रभाकररावांना आता कोणी थांबवू शकलं नसतं, आणि ते थांबलेही नाहीत. भाषण संपलं तरी त्या भरात ते तसेच पुढे गेले आणि दोन्ही हात पसरून म्हणाले, "तू वाटा मागायला आला नाहीस, दादा! तुझं पान मांडलेलं आहे का, तेवढं बघायला आलास!"

मंडप टाळ्यांनी कोसळायचा बाकी राहिला.

ते वाक्य पालवांचं होतं. दोन महिने सुपापुढे बसून घोटलेलं, आयुष्यातलं पहिलं. टाळ्या ओसरल्यावर तेच पुन्हा म्हणायला कुणाची हरकत नव्हती. पण धाकट्याने आपल्या तोंडाने एवढं कबूल केल्यावर थोरला त्यावर काय बोलणार? जेवायला बोलावलेला माणूस करतो तेच त्यांनी केलं. टोपी काढली, झोपाळ्याच्या कडेला ठेवली, खाली मांडी घालून बसले आणि पुढची जमीन हाताने पुसून घेतली.

प्रभाकरराव त्यांच्या शेजारी येऊन बसले. पडदा पडला.

आत येताच प्रभाकररावांनी त्यांचे दोन्ही हात धरले. भानावर यायला त्यांना तेवढा वेळ लागला होता. "पालव, मी तुमचं वाक्य खाल्लं हो!"

"खाल्लंत तर खाल्लंत, रावसाहेब," पालव म्हणाले. "जेवायलाच बसलो होतो की आपण." आणि दोघंही हसत सुटले, इतके की मास्तर रागावायला आले होते ते तसेच उभे राहिले. मग मास्तरही हसले. भूगोलाच्या मास्तरांना हसताना मंडळातल्या पुष्कळांनी त्या दिवशी प्रथमच पाहिलं.

बाहेर लोक उठायला तयार नव्हते. पडदा पुन्हा वर गेला, प्रभाकररावांना हार घातला गेला, दोन शब्द बोलायचा आग्रह झाला. पालव तोवर रंगपटात गेले होते. चेहऱ्याला खोबरेल लावून त्यांनी एका बाजूची मिशी काढली, आणि दुसरी सुटेना तशी पोशाखांच्या घड्या घालायला घेतल्या. प्रयोगानंतर ते काम त्यांनी स्वतःहून आपल्याकडे घेतलं होतं.

रंगमंचावर प्रभाकरराव हस्तपत्रक हातात धरून उभे होते. "या कागदावर माझं नाव फार मोठं छापलंय," ते म्हणाले. "आज मात्र मी उभा आहे तो दुसऱ्या एका माणसाने उभा केला म्हणून. त्याचं नाव इथे दिसत नाही." त्यांनी वाकून विंगेतल्या मास्तरांना काहीतरी विचारलं. मग हार सारखा केला, उपरणं सावरलं, अगदी पालवांसारखं डावीकडे तोंड केलं आणि गाण्यात मुरलेल्या त्या गळ्यातून पुकारा केला.

"धाकू विश्राम पालवऽऽ!"

रंगपटात पालवांना नाव ओळखीचं वाटलं. एवढी वर्षं त्यांनी अख्ख्या जिल्ह्याची नावं पुकारली होती, त्यांत हे कधी आलं नव्हतं. त्यांनी घडी पुढे घातली.

"धाकू विश्राम पालवऽऽ!"

आता त्यांच्या हातातलं धोतर खाली पडलं. चौथ्या रांगेत रखमाबाई उभ्या राहिल्या होत्या, आणि पतीचं नाव घ्यायचं नाही एवढं एक सोडून त्यांना कशाचंच भान नव्हतं. "ओ, जावा ना!" त्या रंगमंचाकडे बघून ओरडत होत्या. "तुमकाच बोलयतत!"

"धाकू विश्राम पालवऽऽ! हाजर होऽऽ!"

तिसरी हाक. तिच्यानंतर काय होतं हे पालवांइतकं कुणाला माहीत होतं? ते धावतच बाहेर आले. अर्धा चेहरा तेलकट, एक मिशी लागलेली, एक निघालेली, डोक्यावर टोपी नाही. दिव्यांच्या उजेडात येऊन ते ताठ उभे राहिले, कोर्टात उभे राहत तसे, आणि त्यांनी उत्तर दिलं.

"हाजर."

कोर्ट नाक्यापर्यंत पोचणारा तो आवाज त्या दिवशी दुसऱ्या रांगेच्या पुढे गेला नाही. चौथ्या रांगेत रखमाबाईंना ते ओठांवरून कळलं.